मामा राजवाड्याला आदल्या दिवशी पोचले

जगात काही माणसं वेळेवर पोचतात, बरीचशी उशिरा पोचतात, आणि माझ्या बायकोचे मामा जिथे पोचतात तिथे ते ठिकाण अजून तयारच झालेलं नसतं. आमच्या लग्नाला ते इतक्या लवकर आले की केटररने त्यांना आपलाच माणूस समजून कांदे सोलायला बसवलं. मामांनी पोतंभर कांदे सोलले आणि मग हात धुऊन ‘मी मुलीचा मामा’ अशी ओळख करून दिली. धाकट्या मेव्हणीच्या बाळाला बघायला ते पेढे घेऊन दवाखान्यात गेले तेव्हा बाळ अजून जगात आलं नव्हतं. मामांच्या हातातला पुडा बघून मेव्हणीच घाबरली. उरणच्या दातांच्या डॉक्टरांकडे तर मामा रोज शटरबाहेर उभे दिसायचे, म्हणून डॉक्टरांनी कंटाळून दवाखान्याची एक चावी त्यांच्याकडेच देऊन टाकली. तेव्हापासून डॉक्टर येतात तेव्हा मामा खुर्चीत आ करून बसलेले असतात.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. मामांचं घराणं उरणच्या मिठागरांवरचं. मिठागरं आटोपली, बंदर आलं, आणि मामा न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात लागले ते थेट निवृत्तच झाले. बंदराचा एक नियम असतो. जहाज सुटायच्या बऱ्याच आधी माल आत घेण्याचं फाटक बंद होतं. त्या वेळेला कट-ऑफ म्हणतात. त्याच्या आत आलेला कंटेनर जहाजावर चढतो, नंतर आलेला मागे पडून राहतो, मग त्याच्या पोटात हिरे असोत की हापूस. मामांनी नोकरीभर हे मागे पडलेले कंटेनर आणि त्यांचे रडवेले मालक पाहिले, आणि घरी बसल्यावर त्यांना सगळं जगच एक सुटायच्या बेतात असलेलं जहाज वाटायला लागलं. “जावईबापू,” ते मला सांगतात, “सगळ्याला कट-ऑफ हाय. बारशाला हाय, साखरपुड्याला हाय. लोकांना म्हाईत न्हाय एवढंच.”

त्यांच्याबरोबर प्रवास करणं म्हणजे स्वतः माल होणं. गाडी भरताना जे जड ते आधी आत जातं, त्यामुळे पाण्याच्या बाटल्या नेहमी तळाशी असतात. माणसं वजनाप्रमाणे बसवतात. माझी एक मावससासू अंगाने भरलेली आहे, तिला त्यांनी भर लग्नघरात “तुम्ही मागच्या चाकावर या, वजन तिथं पेलतं” असं सांगितलं होतं, आणि ती अजून त्यांच्याशी बोलत नाही. सगळं भरून झालं की डिकीला ते कंटेनरच्या दाराला लावतात तसलं प्लॅस्टिकचं सील ठोकतात. यार्डातल्या कुणा जुन्या मित्राकडून अशा सिलांची पिशवीच त्यांनी आणून ठेवली आहे. ते सील एकदा लागलं की तोडायचं फक्त मुक्कामाच्या दारात. एकदा पेणला माझ्या बायकोला तहान लागली. पाणी डिकीत, डिकीला सील. “मामा, दोन घोट!” ती म्हणाली. मामांनी शांतपणे गाडी थांबवून दुकानातून नवीन बाटली आणली. “मधे सील तुटलं तर माल कुठं पोचला म्हनायचं?” असा त्यांचा प्रश्न होता.

मामांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं आधी पोचणं मात्र त्यांच्या स्वतःच्या लग्नातलं. मामी रेवदंड्याची खाडी ओलांडून मुरूडच्या दिशेने गेल्यावर लागणाऱ्या एका गावच्या. गावाचं नाव लिहीत नाही. आधीच तिथे मे महिन्यात गाडी उभी करायला जागा मिळत नाही. तर मामांनी आपली वरात त्या गावात एक दिवस आधी नेऊन उभी केली. मामींचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणतात, तेव्हा पंचा नेसून, शिडीवर चढून, भिंतीला चुना लावत होते. खाली बँड वाजला, आणि दादा डोक्यापासून पायापर्यंत पांढरेशुभ्र असे नवऱ्यामुलासमोर उतरले. वरातीला सुपारी वाळत घातलेल्या पडवीत उतरवलं, पेज आणि सुकटीची चटणी वाढली, आणि दादा सगळ्यांच्या देखत म्हणाले, “दाजी, आजच्या दिवस नवरी आमची हाय. तुमची उद्या.” दोन्हीकडचे लोक पोट धरून हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी लग्न केलं, नवरी घेतली, आणि निघताना जाहीर केलं, “या घरात मी रात्र काढनार न्हाय.”

आणि त्यांनी ती काढली नाही. भांडण म्हणावं तर काहीच नव्हतं. उरणहून दादांना जिताडा मासा जायचा, वाडीतून मामांना नारळ आणि आंबे यायचे, फोनवर गुडघ्यांची चौकशी व्हायची. दिवसा मामा तिथे जेवत, वाडीत हिंडत, दादांच्या माडांना नावं ठेवत. ऊन कललं की उठत. आणि मामा उठले की मामीही उठत. एकटी राहीन म्हटलं असतं तर मामांनी अडवलं नसतं, पण मामी तसं म्हणाल्या नाहीत. नवऱ्याला एकट्याने परत पाठवून माहेरी पाय पसरणं हे त्यांच्या हिशोबात बसत नव्हतं. लग्न झाल्यापासून त्यांना माहेरचा दिवस मिळाला, रात्र मिळाली नाही.

या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम घडल्या. दादांच्या मुलीने त्यांना पुण्याला न्यायचं नक्की केलं. बायको वारल्यापासून ते एकटेच होते आणि गुडघे शिडी सोडाच, उंबरासुद्धा मानत नव्हते. घर पावसाळ्यानंतर कुणा पर्यटनाचा धंदा करणाऱ्याला द्यायचं ठरलं. आणि त्याच सुमाराला गावातल्या जुन्या संस्थानी राजवाड्यात उन्हाळी महोत्सव भरणार अशी जाहिरात सगळ्यांच्या फोनवर फिरायला लागली. एरवी कुलूपबंद असलेला राजवाडा लोकांना उघडणार, चौकात गाणं होणार, खाण्याचे स्टॉल लागणार. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे राजवाड्यांविषयी मला फारसं कौतुक नाही. ज्यांनी ते बांधले त्यांची नावं दगडावर नसतात एवढं मी दर वर्षी मुलांना सांगतो आणि मुलं ते परीक्षेत लिहीत नाहीत. पण मामी कोळंबी सोलता सोलता माझ्या बायकोला म्हणाल्या, “मला गानंबिनं काय कळतंय गं? आमच्या घरात एक रात्र झोपायचं हाय. पुढल्या वर्षी तिथं कोन असेल, कोन नसेल.”

बायकोने हे मला सांगितलं आणि आम्ही दोघांनी मामांना महोत्सवाची भुरळ घालायचं ठरवलं. भुरळ लगेच पडली. जिथे गर्दी होणार, रस्ता तुंबणार आणि जागा संपणार, अशी बातमी कळली की मामांच्या अंगात वारं शिरतं. त्यांनी नकाशा पसरला. फक्त मुक्कामाचं नाव काढल्यावर ते म्हणाले, “लॉज. दोन खोल्या. बोलून ठेवल्यात.” मामींनी मान खाली घातली आणि कोळंबीचं टोपलं आत नेलं.

आम्ही माणगावचे. माणगावहून ते गाव रोह्यावरून तसं जवळ. पण मामांच्या शास्त्रात माल आधी यार्डात आला पाहिजे, म्हणून आम्ही माणगावहून उत्तरेला उरणला गेलो, तिथे रीतसर भरले गेलो, सील झालो, आणि ज्या दिशेने आलो होतो त्याच दिशेला परत निघालो. पहाट व्हायची होती. रस्त्याच्या कडेने ट्रेलरांची रांग लागलेली, आणि मामा प्रत्येकाकडे सोयरा भेटावा तसा बघत होते. पेण मागे पडलं, अलिबाग मागे पडलं, आणि रेवदंड्याचा पूल आला तेव्हा माझ्यासारख्या संशयी माणसानेही काच खाली केली. खाली भरतीची खाडी, एका बाजूला उघडा समुद्र, आणि वारा असा की बायकोची ओढणी मामांच्या तोंडावर. पुलापलीकडे महोत्सवाच्या कमानी सुरू झाल्या. प्रत्येक कमानीवर राजवाड्याचा छोटा फोटो आणि स्वागतोत्सुक मंडळींचे मोठे फोटो. “बघा, रस्ता कसा मोकळा हाय!” मामा ओरडले. “आपन पयले!” मामी खिडकीतून बाहेर बघत प्रत्येक वळण ओठांतल्या ओठांत मोजत होत्या.

रस्ता मोकळा का होता ते राजवाड्याच्या फाटकाशी कळलं. चौकात बांबू उभे राहत होते. एक माणूस स्टेजवर गाढ झोपला होता. पहारेकऱ्याने आमच्याकडे, मग डिकीच्या सिलाकडे बघितलं.

“स्टॉलचा माल काय?”

“प्रेक्षक!” मामा म्हणाले.

“महोत्सव उद्या हाय, काका.”

“म्हाईत हाय. म्हनून तर आज आलो.”

मामा खूश होते. त्यांच्या मते कट-ऑफ साधला होता. ते खुशीतच लॉजवर गेले आणि तिथे त्यांचा चेहरा उतरला. खोल्या त्यांनी महोत्सवाच्या तारखेपासून धरल्या होत्या, म्हणजे उद्यापासून. आणि गाडी त्यांनी सवयीप्रमाणे एक दिवस आधी हलवली होती. मामांच्या डोक्यातल्या बुकिंग खात्याने वाहतूक खात्याला कळवलंच नव्हतं. मॅनेजर सभ्य होता. “आज ठाण्याची पार्टी आहे, सर. बाल्कनीतपण माणसं आहेत.”

मग आम्ही गावभर जागा शोधली. महोत्सवाच्या वासावर मुंबई-पुण्याची माणसं आधीच उतरली होती. एका घरमालकाने गच्ची दाखवली. तिच्यावर कैरीच्या फोडींची आंबोशी वाळत होती आणि ती हलवणार नाही असं त्याने आधीच सांगितलं. एकाने झोपाळा देऊ केला, पण एकाच माणसासाठी. सुरूच्या बनातल्या तंबूवाल्याने आम्हाला ‘राजेशाही तंबू’ दाखवला, त्यात वाकूनच उभं राहावं लागत होतं, त्यामुळे आत राजा कोण आणि प्रजा कोण ते कळणं अवघड होतं. शेवटी मामांनी गाडी ओढ्यावरच्या एका मोरीपाशी, छोट्या पुलापाशी, उभी केली. “गाडीत झोपू,” ते म्हणाले. “डायवर लोक झोपतात.” मोरीच्या पलीकडे, नारळी-पोफळीच्या वाडीतून, दादांच्या घराची कौलं दिसत होती. त्या कौलांकडे आमच्यापैकी कुणीही बघत नव्हतं.

गावात बातमी आमच्याआधी फिरली होती. थोड्या वेळाने दादा काठी टेकत टेकत आले, मोरीच्या कठड्यावर बसले आणि दम खाऊन म्हणाले, “दाजी, अजून एक दिवस आधीच? सवय गेली न्हाय व्हय?”

“तुमचा चुना वाळला का?” मामा म्हणाले.

“वाळला, पडला, परत लावला. गावात जागा न्हाय म्हनं.”

“गाडी हाय.”

“माझी बहीन मोरीवर झोपनार?”

“तुमच्या बहिनीला सवय हाय. यार्डवाल्याची बायको हाय ती.”

“मग लग्नात पडवी का खुपली तुमाला? मोरीपरीस बरी व्हती की!”

दोघेही म्हातारे आता रंगात आले होते. सुकटीच्या चटणीचा विषय निघाला, मग बँडवाल्यांना चहा कुणी दिला नाही तो निघाला. मी मध्ये पडणार होतो, तेवढ्यात मामी गाडीतून उतरल्या आणि डिकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“अहो, माझी पिशवी द्या.”

“डिकीत हाय.”

“तेच म्हनते. उघडा.”

“सील हाय,” मामा म्हणाले. “ते मुक्कामाला तुटतं.”

मामींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे. आवाज चढवला नाही. “तुमचा मुक्काम कुठं ते तुम्ही ठरवा. माझा ठरला,” त्या म्हणाल्या, आणि रिकाम्या हातांनी मोरी ओलांडून वाडीच्या वाटेला लागल्या. चपला त्यांनी हातात घेतल्या होत्या. त्या वाटेवर त्या लहानपणी अशाच चालत असणार. दादा काठी विसरून त्यांच्या मागे लंगडत निघाले.

मामा काही वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसले. बायकोने माझा हात दाबून ठेवला होता. मग मामांनी गाडी सुरू केली आणि मामींच्या मागून, वरातीतल्या गाडीच्या वेगाने, वाडीत घातली. अंगणात आल्यावर ते उतरले, खिशातून पक्कड काढली आणि डिकीचं सील कट्‌कन तोडलं. दादा ओट्यावर उभे होते. ते सील काय असतं हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

“हे काय करता, दाजी?”

“काय न्हाय,” मामा म्हणाले, “माल पोचला.” आणि मामींची पिशवी त्यांनी स्वतः घरात नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशीचा महोत्सव व्हायचा तसाच झाला आणि तरीही मला आवडला, हे कबूल करणं भाग आहे. फाटकात भाड्याचे भालदार उभे होते. त्यांचे भाले थर्माकोलचे आणि एकाच्या पायात रबरी चपला. उद्‌घाटनाला समई होती, समईला वारा होता, त्यामुळे मान्यवरांनी ती पुन्हा पुन्हा पेटवली आणि निवेदकाने दर वेळी टाळ्या मागितल्या. राजघराण्याची ताटं-वाट्या काचेत मांडल्या होत्या आणि लोक त्या अशा बघत होते की जणू घरी सगळे पानावरच जेवतात. मामा अर्थातच दुपारीच जाऊन बसले होते, दादांना घेऊन, पहिल्या रांगेत. तेव्हा खुर्च्यांवर पाट्या लागल्या नव्हत्या. पाट्या लावायला आलेल्या कार्यकर्त्याने इतके आधीपासून बसलेले दोन वयस्क गृहस्थ पाहिले, ते मान्यवरच असणार असं धरलं, आणि दोघांना गुलाब आणि नारळ देऊन टाकले. “आमच्याच वाडीतला हाय हा,” दादा नारळ वाजवून म्हणाले. खरे मान्यवर आल्यावर मोठी धांदल उडाली, पण हे दोघे नारळ मांडीवर धरून ढिम्म.

मग संध्याकाळ उतरली. काळ्या दगडाच्या कमानींमधून समुद्राचा वारा आत यायला लागला, निवेदक एकदाचा गप्प झाला, आणि एका मध्यमवयीन गायिकेने डोळे मिटून सूर लावला. चौकातली माणसं एकदम शांत झाली. स्टॉलवाल्यांचे झारे थांबले. फोन वर धरलेले हात हळूहळू खाली आले. राजवाडा कुणी बांधला, कुणाच्या घामाने बांधला, हे सगळं मला माहीत होतं, पण त्या वेळी मला एवढंच वाटलं की इतक्या उशिरा का होईना, ही भिंत कुणाच्या तरी कामी आली. माझी बायको माझ्या खांद्याला टेकली होती. मामा एका हाताने खुर्चीवर ताल धरत होते, चुकीचा, आणि दादा त्यांच्या कानात तो सुधारत होते, तोही चुकीचा.

मामी थोडा वेळच थांबल्या. राजवाडा त्यांनी लहानपणी बाहेरूनच पाहिला होता, आतून फिरून आल्यावर त्या म्हणाल्या, “झाडायला केवढा हाय हो!” मग मला म्हणाल्या, “मी घरी जाते. गानं तिथपर्यंत येतंय.” घरी म्हणाल्या त्या. उरणखेरीज दुसऱ्या कुठल्या जागेला त्यांनी ‘घर’ म्हटलेलं मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. लॉजच्या खोल्या आमच्या नावावर रिकाम्याच राहिल्या. तिकडे जाण्याचा विषय कुणी काढला नाही, मामांनीसुद्धा नाही.

परतीच्या सकाळी मला जाग आली ती धडपडीने नाही, तर शांततेने. मामांबरोबरच्या प्रवासात असं कधी होत नाही; उजाडायच्या आत गाडीचा हॉर्न वाजतो आणि माणूस अर्ध्या झोपेत भरला जातो. मी बाहेर आलो. मामा अंघोळ करून, कपडे करून, गाडीची चावी मुठीत घट्ट धरून ओट्यावर बसले होते, चावी वाजू नये म्हणून. शेजारी दादा. मधे चहाची किटली. आंब्यावर कोकीळ ओरडत होती आणि मामा तिच्याकडे रागाने बघत होते.

मधल्या खोलीचं दार उघडं होतं. जमिनीवर गोधडी टाकून, हात उशाखाली घेऊन, मामी गाढ झोपल्या होत्या. उरणला घरात सगळ्यांच्या आधी त्या उठतात. मामांनाही त्याच उठवतात. मी त्यांना झोपलेलं याआधी पाहिलं नव्हतं. झोपेत त्या लहान दिसत होत्या.

“उठवू का?” दादांनी हळूच विचारलं.

मामांनी नकारार्थी मान हलवली.

“उन्हं वर आली, दाजी. पुढं अलिबागला गर्दीत अडकाल. उशीर होईल.”

“होऊ दे,” मामा म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. दादांनी त्यांच्या कपात उरलेला चहा ओतला. पुढल्या महिन्यात दादा पुण्याला जाणार होते, आणि त्या खोलीत कुणीतरी अनोळखी माणसं वातानुकूलित झोप घेणार होती, हे त्या ओट्यावर सगळ्यांना माहीत होतं. ऊन अंगणातून पायरीवर आलं, पायरीवरून उंबऱ्यावर आलं, आणि मामींच्या पायांपर्यंत पोचायला लागलं. मामा उठले, पाय न वाजवता दारापाशी गेले, आणि ते दार त्यांनी अर्धं ओढून घेतलं.